जावयाच्या खात्याला एक रुपया

नकुसाबाई सपकाळ खासदार होऊन दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांना दोनच गोष्टी धड येत होत्या. लाँच चालवणं आणि समोरच्याला गप्प बसवणं. दुसरी विद्या दिल्लीत सगळ्यांनाच येत होती, त्यामुळं तिचा काही उपयोग झाला नाही. पहिलीचा झाला.

आधी नावाचं सांगू. चौथीही पोरगीच झाली म्हणून बापानं कपाळावर हात मारला आणि नाव ठेवलं नकुसा. नको असलेली. त्या काळी तिकडं अशी नावं ठेवायचे. पुढं सरकारी माणसं गावोगाव फिरून असल्या पोरींना नवी नावं द्यायला लागली. ऐश्वर्या घे, पूजा घे, सगळं फुकट. ही म्हणाली, "मी न्हाई बदलत. ज्यांनी नको म्हटलं त्यांना हाक मारताना रोज जरा लाज वाटू दे की."

अशी बाई.

सासर सोनवडी धरणाच्या फुगवट्यापल्याड. जुना रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हापासून पल्याडच्या गावांचा रस्ता म्हणजे लाँच. आधी सासरा चालवायचा, मग नवरा. नवऱ्याला पाण्यावर गरगरायला लागलं तेव्हा सुकाणू हिच्या हातात आलं. नवरा मागं बसून तिकिटं फाडायचा आणि बायकोनं वळण घेतलं की डोळे मिटायचा. अख्खा मतदारसंघ हिनं ह्या काठावरनं त्या काठावर नेला. निवडणुकीला उभी राहिली तेव्हा लोक म्हणाले, हिला नाही म्हटलं तर उद्यापासनं पोहत जायला लागंल. आली निवडून.

शब्द एकच दिला होता. दवाखान्याची लाँच. आत डॉक्टर, नर्स, एक्स-रेचं मशीन, बाळंतपणाला एक स्वच्छ खोली, आणि ती लाँच धक्क्याधक्क्याला फिरणार. पहिल्याच वर्षी संसदेनं ती मंजूर केली. गावात पेढे वाटले. नणंद हौसा, जिचे गुडघे धक्क्यापर्यंत जाता जाता तीनदा बसायला लावायचे, तिनं घरावर गुढी उभारली.

आणि लाँच आलीच नाही. लाँचला तराजूनं अडवलं.

आता तराजू म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावर उभी आहे.

तोवर रुपया कागदाचा राहिला नव्हता. सरकारी रुपया यंत्रात जन्मायचा, यंत्रातनं फिरायचा, आणि प्रत्येक रुपयाच्या पायात जणू घुंगरू बांधलेलं असायचं. कुठनं निघाला, कुठं गेला, कुणाच्या खिशात बसला, सगळं ऐकू यायचं. त्या घुंगरांच्या आवाजावरनं, विजेच्या बिलांवरनं, आकाशातनं काढलेल्या पिकांच्या फोटोंवरनं शास्त्रज्ञांनी यंत्राच्या पोटात एक जुळा देश उभा केला. खऱ्या देशात एस्टी उशिरा आली की जुळ्यातही उशिरा यायची. मग एखाद्या खर्चाची गोष्ट निघाली, की तराजू तो जुळा देश हजार वेळा पुढं पळवून बघायचा. इथं पूल बांधला तर काय होतं, नाही बांधला तर काय होतं. बहुतेक वेळा रुपया बुडालेला दिसला, तर लाल दिवा.

गोष्ट वाईट नव्हती. पहिल्याच वर्षी तराजूनं असे विमानतळ हुडकले, जिथं फक्त म्हशी उतरत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नकुसाबाईंनीही वाजवल्या.

घोटाळा पुढं झाला. आपली घटना म्हणते, संसदेनं हो म्हटल्याशिवाय सरकारला खजिन्यातला रुपया काढता येत नाही. बरोबर. पण संसदेनं दिलेला रुपया सरकारनं दाबून ठेवला तर काय, ते कुणी असं दरडावून लिहून ठेवलं नव्हतं. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, पैसे मिळाल्यावर खर्च करत नाही असं सरकार कुठं असतं! ह्या फटीतनं सरकार आत शिरलं. लाल दिवा लागला की पैसा थांबवायचा, सभागृहाला विचारायचं नाही. वर लाल दिवा हिरवा करायची एक कळ अर्थमंत्र्यांच्या टेबलावर. मग काय, खासदार त्या टेबलाभोवती असे घोटाळायला लागले, जशी मांजरं मासे कापणारीभोवती. ज्यांनी पैसा मंजूर केला, तेच तो भीक म्हणून मागायला लागले.

नकुसाबाईंनी ते दोन वर्षं बघितलं आणि कपात सूचना दिली. संसदेत हे जुनं हत्यार आहे. एखाद्या खात्याचं वागणं पटलं नाही, तर सदस्य म्हणतो, ह्या खात्याची मागणी कमी करून एक रुपया करा. सूचना मंजूर झाली तर सरकारचं नाक कापलं जातं, बहुतेक खुर्चीही जाते. आजवर मंजूर होत नव्हत्या हा भाग वेगळा.

बाईंनी सूचना दिली ती तराजूच्या खात्यावर. आणि त्या खात्यात जुळ्या देशाची अर्धी रचना ज्यानं केली होती, तो निनाद हा त्यांचा जावई.

त्यात त्या वर्षी अधिक महिना चैत्रात आलेला. धोंड्याचा महिना! जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं.

लेकीचा, ऋतुजाचा, फोन आला. "आई, तुला जरा तरी काही वाटतं का गं? लोक धोंड्याच्या महिन्यात जावयाला अंगठी करतात. तू त्याच्या खात्याला रुपया करतीयेस!"

"अगं, खात्याला. त्याला वेगळी अंगठी हाय."

"खातं गेलं तर अंगठी विकूनच खायचंय आम्हाला. निनाद काही बोलत नाही म्हणून तुझं फावतं."

"बोलत न्हाई म्हणून तर तुला दिली त्याला," नकुसाबाई म्हणाल्या. "दोघंबी बोलणारी असती तर शेजाऱ्यांनी घरं सोडली असती. रविवारी या. धोंडे करतीया."

शुक्रवारी अर्थमंत्र्यांनी चहाला बोलावलं. माणूस गोड. दक्षिणेकडचा, बोलणं हळू, मिशी मोठी. दोघांच्या कानात भाषांतराची बटणं. बाईंच्या कानातलं बटण सगळं पुण्याच्या शुद्ध मराठीत सांगायचं, त्यामुळं मंत्री काहीही म्हणाले तरी बाईंना वाटायचं, बँकेतला साहेब कर्ज नाकारतोय.

"आपल्या दवाखाना-नौकेचा विषय माझ्या मनात सतत असतो," कानातलं बटण म्हणालं.

"मनात हाय, पर पाण्यात न्हाई," बाई म्हणाल्या.

मंत्री हसले. "सोमवारी आपलं नाव पुकारलं जाईल. आपण फक्त म्हणायचं, मी सूचना मांडत नाही. मंगळवारी दिवा हिरवा. आपल्या धक्क्यावर नारळ फोडायला मी स्वतः येईन."

बाईंनी कप खाली ठेवला. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी गप्प बसवलं होतं.

घरी येऊन त्यांनी हौसाला फोन लावला. सगळं सांगितलं. हौसाला विचार करायला वेळ लागला नाही.

"गप बस आणि लाँच घे."

"अगं पर, बाकीच्यांचं..."

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील. गुडघं माझं हायत का बाकीच्यांचं? वहिनी, तू म्हणालीस लाँच आणते. कळ दाबून आण न्हाईतर दोरीनं वढून आण. गुढी काढली न्हाई मी अजून, कावळं बसत्यात तिच्यावर."

फोन ठेवताना बाईंनी मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं. उगाच का खोटं बोला! लाँच घ्यायची. पल्याडची माणसं मत देतात ती काठावर डॉक्टर यावा म्हणून, घटनेतली फट बुजवावी म्हणून नाही.

रविवारी धोंडे झाले. पुरण भरलेले, उकडलेले, वर तुपाची धार. निनाद पाटावर बसला. अंगानं बारीक, चष्मा, खायला मात्र वाघ. ऋतुजा आईशी बोलत नव्हती, फक्त भांडी वाजवत होती.

"जावईबापू, घ्या आनखी एक. उद्या काय हुईल ते हुईल, आज हात आखडू नगा."

"आई, मला राग नाही," निनाद म्हणाला. "तुम्हाला पटत नाही तर मांडा. पण तराजू खोटं बोलत नाही, एवढं लक्षात ठेवा. लाँचला त्यानं लाल दिलाय, कारण ती दहातले आठ दिवस रिकामी फिरते. हजार वेळा पळवून बघितलंय."

"फिरत आसंल. मी कुठं म्हणते खोटं हाय?" बाईंनी तूप वाढलं. "माझ्या लाँचीतबी कधी एक म्हातारी आणि एक कोंबडी असायची." मग त्या वाढता वाढता सहज म्हणाल्या, "काय हो, तुमच्या त्या जुळ्या देशात मीबी हाय का?"

"आहात की. सगळे आहेत."

"मग उद्या मी काय करणार, ते तराजूला ठाऊक आसंल."

निनादचा घास हातातच राहिला. ऋतुजाचं भांडं वाजायचं थांबलं.

"सदस्यानं स्वतःबद्दल विचारलं तर सांगायचं, असा आमच्याकडं नियम आहे," तो हळूच म्हणाला. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"मी इचारती."

"तुम्ही माघार घ्याल. ब्याण्णव टक्के."

बाई तुपाची वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "आनि का घेईन, तेबी सांगतो व्हय?"

"लाँचसाठी. तसं प्रत्येक सदस्याचं निघतं. कुणाचा पूल, कुणाचं कॉलेज. काय दिलं तर कोण बसेल." निनादनं मान खाली घातली. "मी हे पिकं आणि पुलांसाठी बांधलं होतं, आई. माणसांचे भाव काढायला नव्हतं बांधलं."

मग निनादच म्हणाला, आणि हे म्हणताना त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला असावा, "एक गंमत मात्र आहे. हवामानाचा अंदाज सांगितला म्हणून पाऊस बदलत नाही, कारण ढगाला कान नसतात. माणसाला असतात. ज्याचं भाकीत केलं त्यालाच ते ऐकवलं, की जुळ्यातली बाई आणि खरी बाई वेगळ्या होतात. जुळीला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिथनं पुढचं तराजूला दिसत नाही."

"म्हंजे आता त्याला ठाऊक न्हाई?"

"आता फक्त तुम्हाला ठाऊक."

बाईंनी वाटीतलं सगळं तूप जावयाच्या ताटात ओतलं.

सोमवारी सभागृहात बघण्यासारखी गोष्ट एकच होती. सरकारी बाकं रिकामी. झालं असं, की सरकारच्या मुख्य प्रतोदानं, म्हणजे आपल्या पक्षाचे खासदार मतदानाला हाकून आणायचं काम ज्याचं असतं त्यानं, सकाळी तराजूला विचारलं होतं. तराजू म्हणाला, सपकाळबाई माघार घेतील, मतदान होणार नाही. प्रतोदानं मेंढरं मोकळी सोडली. कुणी गावी गेला, कुणी दाढ दाखवायला. कालचा धोंड्यांचा रविवार त्याच्या तराजूत नव्हताच. पूर्वीचा एखादा खमक्या प्रतोद असता तर पोटदुखीवाल्यालाही खाटेसकट आणला असता. पण यंत्रानं सांगितल्यावर माणूस खिडकीतनं बाहेरसुद्धा बघत नाही.

विरोधी बाकं मात्र भरलेली. त्यांच्याकडं तराजू नव्हता ना.

अध्यक्षबाईंनी पुकारलं, "श्रीमती सपकाळ."

अर्थमंत्र्यांनी मिशीवरनं हात फिरवत गोड हसून बघितलं.

"मांडते," नकुसाबाई म्हणाल्या.

हात मिशीवरच थांबला.

"अध्यक्षबाई, मला घटना पाठ न्हाई. लाँच चालवता येती. तर लाँचीचंच सांगती. माझा सासरा लाँच चालवायचा. हुशार गडी. मधल्या एका धक्क्यावर एकच म्हातारी चढायची, चंद्राकाकू. सासऱ्यानं हिशोब केला. एका म्हातारीपायी डिझेल जळतंय, वेळ जातोय. त्यानं तिथं थांबायचंच बंद केलं. हिशोब बरोबर होता बरं का! एक आणा चुकला नव्हता."

सभागृहात कुणीतरी हसलं. भाषांतर ज्या ज्या भाषेत पोचलं, त्या त्या क्रमानं हसू पसरत गेलं.

"गावानं बैठक घेतली. सासरा म्हणाला, माझं बरोबर हाय. गाव म्हणालं, आसंल. पर सुकाणू तुझ्या हातात दिलं म्हणून लाँच कुठं थांबायची ते तू ठरवायचं न्हाई. ते गाव ठरवणार. थांबायचं न्हाई असं वाटतंय तर बैठकीत ये, कारण सांग, आमी ऐकू. कदाचित मानूबी. पर गुपचूप पुढं न्यायची न्हाई. आनि दंड काय केला? वर्षभर बाजाराच्या दिवशी चंद्राकाकूला आपल्या शेजारी बसवून न्यायचं. ती वर्षभर त्याला सांगत होती, आरं डावीकडं घे, आरं मुडद्या खडक हाय!"

आता अध्यक्षबाईही हसल्या.

"सरकार हुशार हाय. तराजूबी हुशार हाय, माझा जावईच हाय तिथं, मी कशाला वाईट बोलू? पर लाँच ह्या सभागृहाची हाय. आमी चुकलो तर लोक आमाला पाच वर्षांनी पाण्यात ढकलत्यात. तराजूला कोण ढकलणार? आनि एक. मंत्रिसाहेबांनी मला शुक्रवारी सांगितलं, तू बस, तुझी लाँच देतो. माझ्या नणंदेचे गुडघे दुखत्यात, मला ती लाँच लई हवीया. पर जे ह्या सभागृहानं मला आधीच दिलंय, ते मी चहा पिऊन परत का घ्यायचं?"

ह्यावर जो गलका झाला तो कुठल्याच बटणाला भाषांतरित करता आला नाही. मतदानाची घंटा वाजली. प्रतोद दारात उभा राहून फोनवर ओरडत होता, "दाढ राहू दे रे! ये तसाच!" सरकारी बाकांवरचीही चार-दोन माणसं, ज्यांचे पूल अडकले होते, ती अचानक छताकडं बघायला लागली. अर्थमंत्र्यांनी डोकी मोजली. त्याला तराजू लागत नाही.

मंत्री उठले. "सरकार सन्माननीय सदस्यांच्या भावनेचा विचार करील."

"इचार नगो, वचन द्या," बाई जागेवरनं म्हणाल्या.

घंटा वाजतच होती. आणि त्या घंटेखाली वचन मिळालं. ह्याच अधिवेशनात कायदा येईल. सभागृहानं दिलेला पैसा सरकारला एकट्यानं अडवता येणार नाही. तराजूनं लाल दिवा दाखवला, तर कारणासकट सभागृहापुढं यायचं, आणि थांबायचं की जायचं ते सभागृह ठरवणार. टेबलावरची कळ काढून टाकायची. सगळं रीतसर नोंदलं गेलं.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "श्रीमती सपकाळ, आता आपली सूचना?"

बाईंनी सभागृहाकडं बघितलं. विरोधी बाकं ओरडत होती, रेटा, रेटा! सरकार पडायला एक बोट पुरलं असतं. पण लाँच धक्क्याला लागली की धक्का फोडायचा नसतो.

"सभागृहाची परवानगी आसंल तर, मागं घेते."

घरी पोचेपर्यंत हौसाचा फोन आलाच. तिनं सगळं टीव्हीवर बघितलं होतं.

"लाँच गेली का गं?"

"गेली न्हाई. रांगेत हाय. पुढच्या महिन्यात तराजू सभागृहात येऊन सांगणार, ही नगो म्हणून. मग आमी ठरवणार."

नकुसाबाईंनी फोन कानापासून लांब धरला.

"ऱ्हाऊ दे रांगेत," हौसा म्हणाली. "मंत्र्याच्या खिशातनं आली असती तर पुढच्या मंत्र्यानं परत खिशात घातली असती. चंद्राकाकूचं चांगलं सांगितलंस. पर मुडद्या न्हाई, ती त्याच्याहून वाईट बोलायची."

"संसद हाय ती हौसा, धक्का न्हाई."

"बघून तसं वाटलं न्हाई."

पुढच्या महिन्यात तराजूचं कारण सभागृहात वाचलं गेलं. लाँच दहातले आठ दिवस रिकामी फिरेल. नकुसाबाई उठल्या आणि म्हणाल्या, खरं हाय. मग त्यांनीच सुचवलं, त्या आठ दिवसांत तिच्यात जनावरांचा डॉक्टर बसवा, टपाल घाला, हायस्कुलाची पोरं न्या. तराजूनं जुळा देश पुन्हा हजार वेळा पळवला आणि दिवा पिवळा झाला. सभागृहानं पिवळ्यावरच लाँच सोडली. सिग्नलला आपण सगळेच तसं करतो.

पण ते नंतरचं. अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवशी जावई वाणाला आला, तेव्हा लाँच रांगेतच होती आणि तराजूचं खातं शाबूत होतं. ऋतुजा आईशी बोलायला लागली होती, इतकी की शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. निनाद पाटावर बसला. बाईंनी चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे आणून ठेवले, बोटात अंगठी घातली.

"आई, एक सांगू?" निनाद चष्मा सारखा करत म्हणाला. "तराजूनं सांगितलं होतं, तुम्ही माघार घ्याल. ऑफिसात सगळे खूश आहेत. भाकीत खरं ठरलं म्हणतात."

"व्हय की! माघार घेतलीच मी." नकुसाबाई पोट धरून हसल्या. "वजन बरोबर केलं हो तुमच्या तराजूनं. भाव चुकला."

मग हसू आवरून त्यांनी जावयाकडं जरा बारीक डोळ्यांनी बघितलं. "काय हो जावईबापू. सदस्यानं इचारलं तर सांगायचं, म्हणालात. तुमी किती दिवस वाट बघत होता, कुणीतरी इचारावं म्हणून?"

निनादनं एक अनारसा उचलला, त्याच्याखाली काहीतरी चमकलं म्हणून वाकून बघितलं. जुना, धातूचा, खराखुरा एक रुपया. असले रुपये आता कुणाकडं नसायचे. ह्याच्या पायात घुंगरू नव्हतं. कुठनं आला आणि कुठं जाणार, ते कुठल्याच यंत्राला कळणार नव्हतं.

"खात्याला देणार होते," सासूबाई म्हणाल्या. "ऱ्हायला. तुमीच ठेवा."

निनादनं तो शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशावर दोनदा थाप मारली.

"अनारसे फार छान झालेत, आई," तो म्हणाला.